झोळीचा निंब

खरं सांगायचं तर त्या श्रावण सोमवारी मी डोंगरावरच्या महादेवाला भक्तीनं गेलेच नव्हते. जळत-जळत गेले होते. आणि कशापायी, तर एका नारळापायी.

माझी माय चार वर्षांपासून माझ्याकडे, मेडशीला असते. आम्हाला भाऊ नाही. बाबा गेले, पाठोपाठ मायच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तिची उजवी बाजू लुळी आहे. तिला उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, वेणीफणी, भाकर कुस्करून भरवणं, सगळं माझ्या हातानं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नलूबद्दल. नलू माझी धाकटी बहीण, शिरपूरला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बसनं येते, पावशेर पेढे आणते, दोन तास बसते आणि जाते. पण ती दारात दिसली की मायचं ते वाकडं झालेलं तोंडसुद्धा भरून हसतं. ती गेली की पुढचे आठ दिवस चालू: नलू पोचली असन का, नलू जेवली असन का, नलूले खोकला होता वं. भाकरी माझ्या आणि गोडवा तिच्या पेढ्यांचा! मी दोन लेकरांची आई, केस पिकायला लागलेले, पण हे ऐकलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. कोणाजवळ बोलायची सोय नाही. बोललं तर लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीवर जळते.

जळतच होते की.

तर तो नारळ. दर श्रावणात मी एका सोमवारी डोंगरावर जाते आणि दर वेळी माय एक नारळ माझ्या पिशवीत टाकायला लावते, "नलूच्या नावानं फोड." आमच्याकडे त्या देवळात रीत अशी, की गुरव नारळ हातात घेतो, कोणाच्या नावानं ते विचारतो आणि गाभाऱ्यात घुमेल असं ते नाव पुकारून मग फोडतो. चार वर्षांत चार नारळ झाले, चारही नलूचे. माझ्या नावाचा एकही नाही. त्या सोमवारी नलू मायजवळ दिवसभर बसायला आली होती आणि तिच्यादेखतच मायनं पाचवा नारळ दिला. मी तोंडानं बरं म्हटलं आणि मनात ठरवून टाकलं, की हा आपल्या नावानं फोडायचा. कोणाला कळणार? महादेवाला कळेल, तर कळू दे. त्यालाही विचारायचंच होतं, की बाबा, करणारी मी आणि नाव तिचं, हा कुठला न्याय?

नेहमीची वाट दुरुस्तीसाठी खोदून ठेवली होती, म्हणून फाट्यावर उतरून मी मागच्या पायवाटेनं चढायला लागले. अर्ध्या चढावर एक निंब दिसला आणि मी थांबलेच. असं झाड मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. बुंधा जमिनीतून कमरेइतका सरळ वर आला होता, तिथून एकदम आडवा झाला होता, चांगला माणूसभर लांब, आणि मग पुन्हा काटकोनात वळून सरळ आभाळाकडे गेला होता. आडव्या भागावरची साल घासून गुळगुळीत झालेली. वाऱ्यानं झालं म्हणावं तर आजूबाजूचे निंब सरळसोट उभे. वीज पडली म्हणावं तर जळल्याची खूण नाही. मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"काय पाहून राह्यली वं बाई? झाड नाई पायलं का कधी?"

पलीकडच्या दगडावर एक म्हातारी बसली होती, चार-पाच शेळ्या घेऊन. मी विचारलं, "मावशी, हे झाड असं कसं वाढलं हो?"

"वाढलं नाई, वाकवलं. तंबाखू हाये का?"

माझ्याजवळ तंबाखू नव्हता. ती नाराज झाली, तरी बोलली. खाली नाल्यावर बांधाचं काम चालू होतं तेव्हा गावच्या बाया तान्ही लेकरं घेऊन कामाला यायच्या. लुगड्याची झोळी करायची, एक टोक मेखेला आणि एक या कवळ्या निंबाला. एका पाठोपाठ एक किती लेकरं झोपली त्यात. "माहे दोघं बी यातच मोठे झाले. लेकरं गेले उठून आपआपल्या वाटेनं, झाड तसंच राह्यलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे लेकरं झाली मोठी आणि वाकलं बिचारं झाड. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नसेल."

"झाडाकडे कायले कोनी पाहीन, माय? मायचा जीव तं झोळीत." म्हातारीनं एका शेळीला दगड भिरकावला. "पन इथी झाडं काय कमी होते? पयले त्या तिकडच्याले बांधली, तं ते कडकन मोडलं. मंग याले बांधली. जे मोडत नाई त्यालेच बांधते मानूस. अन् त्याच्याकडे पायत नाई, काहून की ते मोडन असं वाटतच नाई ना."

एवढंच. मग ती गुडघ्यांना शिव्या देत शेळ्यांमागे गेली. मी त्या आडव्या बुंध्यावर टेकले आणि पिशवीतला नारळ मांडीवर घेऊन ढसाढसा रडले. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

वर देवळात गुरवानं नारळ हातात घेतला. "कोनाच्या नावानं?" माझं नाव अगदी जिभेवर होतं. मी म्हणाले, "नलूच्या."

नारळ फुटला आणि आत पांढरंशुभ्र फूल निघालं. नारळात फूल निघणं म्हणजे केवढा शकुन! आता बघा, लबाडी न करता फोडला, तर तिचा नारळ फुलासकट निघाला. मला पुन्हा राग आला आणि त्या रागावर हसूही आलं. उतरताना म्हातारी भेटली. तिला खोबऱ्याचा तुकडा दिला, तिनं दुसरा मागून घेतला. ती कोण होती याचा खल मी करत नाही. तिच्या अंगाला शेळ्यांचा वास येत होता आणि देव तंबाखू मागत नसतो, असं नलू म्हणते. पण त्या दिवशी मला त्या वाटेनं कोणीतरी वळवलं, एवढं मी जाणते.

दिवेलागणीला घरी आले तर नलू ओट्यावर गाल फुगवून बसलेली. "ताई, तू जाशीन तं मायले संग नेत जाय बाप्पा! सकाळपासून तुहंच पुरान. ताई अशी उशी लावते, ताई पानी कोमट देते. आयकून माहे कान किटले. मले पाहून हासते ते पाहुनी म्हनून हासते." आणि ती खरंच रडायला लागली. ही माझ्यावर जळत होती!

रात्रीच्या जेवणाला मायला खोबरं किसून भरवताना मी पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं. "माय, पाच नारळ झाले नलूचे. माह्या नावाचा एक बी नाई. काहून वं?"

मायनं घास चघळला आणि एखाद्या खुळीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "नलू माह्या हातात नाई, म्हून तिले देवाच्या हवाली केलं," ती अडखळत म्हणाली. "तुले बी देऊन टाकली, तं मले कोन धरन?"

बोलताना तिच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलेलं होतं. रोजच धरते, बसायला आधार म्हणून. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

मत्सर गेला का? छे. पेढ्यांचा पुडा दिसला की अजूनही जिवाला चटका बसतो. पण महादेवाकडे न्याय मागायचं मी सोडून दिलं. माझ्या पदरात त्यानं काय टाकलंय ते मला उशिरा कळलं, आणि त्याच्यापुढे हात जोडताना आता मागायला काही सुचत नाही. पूर्वी माय उठताना माझ्या हातावर रेलली की मी मनात कुरकुरत अंग आखडून घ्यायची. आता पाय रोवून उभी राहते आणि म्हणते, "टाक माय, सारा भार टाक."