नावं ठेवणारे दगडूकाका

दगडूकाकांनी आयुष्यभर दोन गोष्टी नेमाने केल्या. आपल्या एकाही कलाकृतीला नाव ठेवलं नाही, आणि बाकी जगातल्या यच्चयावत गोष्टींना नावं ठेवली. आम्ही पुण्याची माणसं. या दुसऱ्या कलेत आपला हात धरणारं कोणी नाही, अशी जपानात ओजिमाला राहायला येईपर्यंत माझी समजूत होती. चौथ्या मजल्यावरच्या घरात सामान लावून झालं आणि मी दारात हौसेने रांगोळी काढली. शेजारच्या दारातून एक सहा फुटी, दाढीवाला गोरा म्हातारा बाहेर आला, वाकून रांगोळी बघितली आणि म्हणाला, "चारही कोपरे सारखेच. काढताना कंटाळा नाही आला?" तेव्हाच मी ओळखलं की आपल्याला इथे गुरू भेटलेला आहे.

दगडू हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावात व्यंजनं इतकी दाटीवाटीने बसली होती, की स्वराला पाय ठेवायला जागा नव्हती. गृहस्थ क्रोएशियाचे, चित्रकार आणि शिल्पकार. शिल्पकार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचा दगडूकाका करून टाकला. पुढे एकदा काकांनी अर्थ विचारला. मी "दगड" म्हणून सांगितल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. त्यांचं गाव समुद्रातल्या एका बेटावर, आणि त्या बेटावर दगडाखेरीज काही पिकत नाही. वडील पाथरवट, आजोबा पाथरवट. "दगडापासून पळत पळत मी जपानपर्यंत आले," ते म्हणाले, "आणि इथे तुम्ही मला दगड म्हणता."

"आले" ही छापण्यातली चूक नाही. काकांचं जपानी पूर्णपणे बायकी होतं. ती भाषा ते फक्त आपल्या जपानी बायकोकडून शिकले, त्यामुळे वाक्याच्या शेवटी खास बायका लावतात ते मऊ मऊ शब्द त्यांनीही जसेच्या तसे उचलले. मराठीत उतरवायचं तर "मी बसते", "मी निघते" असंच लिहावं लागतं. मी खालच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवर पार्टटाइम काम करते. काका तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून आत यायचे आणि हळदीकुंकवाला आल्यासारखे बोलायचे. आमच्या दुकानातल्या मुली खाली वाकून हसायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचे. ज्या बाईची ती भाषा होती ती जाऊन बारा वर्षं झाली होती, हे मला बरंच उशिरा कळलं.

दगडाशी वैर असल्यामुळे काकांची सगळी शिल्पं लोकांनी टाकलेल्या वस्तूंची. मोडक्या खुर्च्या, छत्र्यांच्या काड्या, सायकलची चाकं, सगळं तारेने एकमेकांना बांधलेलं. चित्रं मात्र समुद्राची, म्हणजे ते समुद्राची म्हणायचे. आम्हाला फक्त करडा रंग दिसायचा. ना कशाला नाव, ना कशावर सही. "नाव दिलं की माणसं बघायची थांबतात आणि वाचायला लागतात," असं त्यांचं ठाम मत. ते खरंही असेल. पण न वाचता नुसतं बघायलासुद्धा कोणी येत नव्हतं.

एकदा त्यांनी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. त्याच दिवशी शेजारच्या खोलीत म्हाताऱ्यांचं रक्तदाब तपासणी शिबिर होतं, त्यामुळे गर्दी दांडगी झाली. नंबर येईपर्यंत दोन आज्या एका शिल्पावर टेकल्या, आणि एका आजोबांनी दुसऱ्याला आपली छत्री अडकवली. काका आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी ती विसरून गेलेली छत्रीही तारेने पक्की बांधून टाकली. आमचे हे म्हणाले, "अगं, हा माणूस आर्टिस्ट आहे की लॉस्ट अँड फाउंड?"

दर गुरुवारी काका आमच्याकडे जेवायला यायचे आणि जेवणाला नावं ठेवायचे. पोळी फार गोल. वरण फार पिवळं. एकदा थालीपीठ केलं, तेव्हा मात्र ते ताट उचलून खिडकीपाशी गेले आणि मधल्या पाच भोकांतून बाहेर बघत राहिले. "ही भोकं पाडायची अक्कल कुणाची?"

"माझ्या आईने शिकवलं," मी म्हटलं.

"त्यांना विचारा, आणखी काय काय करतात."

बारा गुरुवारांत मिळालेली ही एकच शाबासकी, आणि तीही पुण्यात बसलेल्या आईला.

मी नवऱ्याला "अहो" म्हणते. ओसाकाकडच्या बोलीत "अहो" म्हणजे मूर्ख. मी बाल्कनीतून "अहो, दूध आणा" असं ओरडले, तेव्हा काका आपल्या बाल्कनीत कठडा धरून हसत सुटले. "तीस वर्षं या देशात आहे," ते म्हणाले, "पण नवऱ्याला रोज, सगळ्यांसमोर, इतक्या प्रेमाने मूर्ख म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघते." मग त्यांनी विचारलं, तो तुम्हाला "अगं" म्हणतो, ते तुमचं नाव का? मी समजावून सांगितलं की ते नाव नव्हे, आमच्याकडे जुन्या रिवाजाने नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे नाव न ठेवता हाक मारता? तुमच्या लोकांना कला कळते." त्या दिवसापासून ते मला अगं-सान म्हणू लागले, सान म्हणजे आपल्याकडचं राव किंवा बाई. मी पुष्कळदा दुरुस्त करून पाहिलं, पण दुरुस्त होण्याचं काकांचं वय राहिलं नव्हतं.

आमचं खरं भांडण झालं ते पोळपाटावरून. माझा पोळपाट चिरला होता, झारा वाकला होता, कुकरच्या झाकणाने दम सोडला होता. इथल्या नियमाप्रमाणे मी लाकूड जळणाऱ्या कचऱ्यात आणि धातू न जळणाऱ्यात असं नीट वेगळं करून, पारदर्शक पिशव्यांत भरून, ठरल्या वारी खाली ठेवलं. चार दिवसांनी काकांकडे गेले तर मधोमध तिपाईवर माझा पोळपाट उभा. त्यातून झारा वर आलेला, आणि डोक्यावर कुकरचं झाकण तिरपं ठेवलेलं.

"काका, हे माझं आहे," मी म्हटलं.

"तुम्ही टाकलंत."

"टाकलं म्हणजे चव्हाट्यावर मांडायला नाही दिलं."

"मी तीन दिवस तारा पिळते आहे," ते म्हणाले, "आणि तुम्हाला फक्त पोळपाट दिसतो."

मी तीन आठवडे त्यांना जेवायला बोलावलं नाही. घरात त्या शिल्पाला "उतरंड" म्हणायला लागले. तोपर्यंत बाकीच्यांचंही बारसं मी उरकलेलं होतंच. बुटकी खुर्ची, वाळत घालायचा स्टँड, छत्र्यांचं झाड. ह्यांना आणि आमच्या लेकीला, मनवाला, ती नावं ऐकून हसू यायचं, आणि मला आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं.

मग काकांचा खुबा गेला. जिने चढवेनात. बेटावरच्या बहिणीने हट्ट धरला आणि जायचं ठरलं. इथली घरं सोडताना रिकामी, धुतल्यासारखी करून द्यावी लागतात, आणि काकांच्या घरात तीस वर्षांचं काम उभं होतं. त्यांनी फोटो काढून कुठल्या कुठल्या संग्रहालयांना पत्रं पाठवली. उत्तरं आली ती मी वाचून दाखवली. जपानी भाषेतला नकार इतका नम्र असतो, की तो नकार आहे हे तिसऱ्यांदा वाचल्यावर कळतं. काकांना मात्र माझ्या पहिल्याच वाचनात कळायचं. चित्रं गुंडाळून बहिणीकडे जाऊ शकत होती. शिल्पांना एकच वाट उरली, सोदाई गोमी, म्हणजे मोठा कचरा.

त्याची इथे रीत आहे. आधी फोन करून प्रत्येक वस्तूची नोंद करायची, मग आमच्यासारख्या दुकानातून स्टिकर घ्यायचे, त्यावर नाव लिहून चिकटवायचे आणि सांगितलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत वस्तू खाली ठेवायच्या. काकांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा भांडून ठेवून दिला. "ती बाई सारखी नाव विचारते," ते म्हणाले. शेवटी मी त्यांच्याकडे जाऊन फोन लावला.

"कोणती वस्तू आहे?" पलीकडून गोड आवाजात विचारलं.

मी काकांकडे बघितलं. "नाव नाही म्हणून सांगा," ते म्हणाले. मी तसं सांगितलं. "माफ करा, आमच्या यादीत तसा प्रकार नाही."

मग मीच सांगायला सुरुवात केली. बुटकी खुर्ची, एक नग. कपडे वाळत घालायचा स्टँड, दोन नग. छत्र्यांचं झाड, म्हणजे स्टँड, एक नग. नावं शोधायला लागली नाहीत, घरात बसून मी ती कधीच ठेवलेली होती. काका भिंतीला टेकून ऐकत होते आणि प्रत्येक नावाला मान हलवत होते. माझ्या सगळ्या विनोदांचं मला एकदम ओझं झालं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शेवटी तिपाईवरची ती उतरंड राहिली. "स्वयंपाकाची भांडी," मी म्हणायला लागले, तेवढ्यात काकांनी फोनवर हात ठेवला.

"ती नाही. तिला नाव आहे."

"तुम्ही ठेवलंत?"

"अगं," ते म्हणाले.

मला वाटलं मलाच हाक मारली. मी "काय?" म्हटलं. त्यांनी बोटाने तिपाईकडे दाखवलं. मग एवढं बोलणं जास्त झालं असं वाटून की काय, मी केलेला चहा फार पांचट झाला आहे असं म्हणाले.

स्टिकरवर काकांनी प्रत्येक ठिकाणी आपलं संपूर्ण नाव लिहिलं, सगळ्या व्यंजनांसकट. अशी तीस वर्षांच्या कामावर एकदाची सही झाली. ठरल्या सकाळी मी, हे आणि मनवाने सगळं खाली नेऊन ओळीत मांडलं. स्टेशनकडे निघालेली माणसं पावलं हळू करून बघत होती, वाचत होती. एवढे प्रेक्षक काकांना जन्मात मिळाले नव्हते. गाडी आली. दोन कामगारांपैकी एकाने छत्र्यांच्या झाडाभोवती फेरी मारली, टोपी काढली आणि काकांना विचारलं, "हे खरंच न्यायचं?" काकांनी हो म्हटलं. गाडीच्या पोटात ते मोडल्याचा आवाज आला, तेव्हा ते काठी सावरत म्हणाले, "बांधणी चांगली होती. ऐकलंत ना, लवकर मोडलं नाही."

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या बसमध्ये चढताना त्यांनी मला खाली वाकून नमस्कार केला. "येते हं, अगं-सान." त्या बायकी जपानीवर हसणारं तिथे कोणी नव्हतं. मी तर मुळीच हसत नव्हते.

त्यानंतर वर्षभरात ह्यांची बदली ओसाकाला झाली. महिन्यातून दोनदा येतात, "अगं" तेवढंच कानावर पडतं. ऑफिसात माझा फोन स्पीकरवर आला की "अहो" ऐकून तिथली सगळी टीम खूश होते. मनवा मला जपानी मुलींसारखी "मामा" म्हणते आणि मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर देते. दुकानात मी आडनाव-सान. आई गेल्या श्रावणात गेली.

परवा आमच्या इमारतीच्या समितीचे प्रमुख, एक वयस्कर जपानी गृहस्थ, वही घेऊन बाल्कन्या तपासायला आले. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट मोकळी हवी, म्हणून तिथे अडगळ ठेवू देत नाहीत. काकांनी जाताना माझ्याकडे ठेवलेल्या, कोपऱ्यातल्या तिपाईपाशी ते थांबले. पोळपाट, झारा, तिरपं झाकण बघितलं.

"हे टाकायचं आहे, की वापरात आहे?"

"वापरात आहे," मी म्हटलं.

"कशासाठी वापरता?"

काका असते तर काहीतरी लागट बोलले असते. मला खरं तेच सुचलं. "मला हाक मारायला," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ते जरा भिंतीकडे सरकवायला सांगितलं. मी सरकवलं.