हुकमांच्या अरबीत दिलेली जबानी

"बाईला घरची आठवण येते. परत जायचंय. तक्रार काही नाही."

मी तासभर बोलले होते. ताईनं जबानी घेणाऱ्या साहेबाला त्यातलं एवढंच सांगितलं, अरबीत. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगितलं गं सगळं. लाव अंगठा."

आता तुम्ही म्हणाल, अरबी तुम्हाला कशी कळली. सांगते, पण आधी ताई कोण ते ऐका.

कुवेतमध्ये घरकामाच्या घरांतून पळून आलेल्या बायकांना ठेवतात, अशा एका निवाऱ्यात मी होते. निवारा म्हणायचा. दार बाहेरून बंद. आल्या दिवशीच फोन काढून घेतलेला, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं मिळायचा, तोही पहारेकरीण शेजारी उभी असताना. खिडकीच्या काचेला पांढरा रंग फासलेला. ज्या घरातून पळाले तिथंही दार बाहेरूनच बंद असायचं. मग मी सुटले कुठून आणि आले कुठं, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

जबानीच्या दिवशी दुभाषी म्हणून ही ताई आली. पुण्याची. नवरा तेल कंपनीत इंजिनिअर, स्वतः बँकेत, बारा वर्षं कुवेतमध्ये. मराठी ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आपली आली. माझं वय पंचावन्न, ती माझ्या लेकीएवढी. मी तिला अहो ताई म्हणाले. ती मला पहिल्या शब्दापासून अगं. नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. आडनाव सांगितलं तसं तिचं हसू आटलं, आणि खुर्ची जराशी मागं सरकली. समुद्रापार येऊनही हे सामान लोक बरोबर आणतात. याला वजनाची अट नाही.

तरी मी बोलले. सगळं. आमच्या तालुक्यातल्या एजंटनं दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा म्हणून आणलं. इथल्या फरवानिया भागात एका खोलीत बाकावर बसवलं. माणसं यायची, हात बघायची, दात बघायची. एका घरानं नेलं, वर्षानं दुसऱ्याच्या हवाली केलं. मला विचारलं नाही, गाईला तरी कुणी विचारतं का. तिथल्या मालकिणीनं इस्तरी लावली दंडाला, कारण ओढणीला चुणी राहिली. शुक्रवारी शहराबाहेर, वफ्र्याला, मालकाच्या शेतघरावर पाहुण्यांची भांडी. तिथूनच पळाले, हरितगृहांच्या मागून. टोमॅटोच्या गाडीत एका बंगाली मजुरानं बसवलं. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

शेवटी मी म्हणाले, ताई, एजंटचं नाव लिहून घ्यायला सांगा. तो मोकळा आहे. त्याचं घर माझ्या घरामागं आहे. मला तसंच परत पाठवलं तर मी त्याच्याच दारात उतरणार. माझ्या गल्लीतल्या दोन पोरींचे पासपोर्ट आत्ता त्याच्या कपाटात आहेत.

हे सगळं म्हणजे घरची आठवण.

तर, अरबी. शिकवलं कुणी नाही. चार वर्षं मोरीत, चुलीपाशी उभी राहून जी कानावर पडली ती. जीबी, आण. नज्जफी, पूस. यल्ला, चल लवकर. उस्कुती, गप्प बस. आणि माकू, म्हणजे नाही. सुट्टी? माकू. फोन? माकू. मला येत होती ती सगळी हुकमांची अरबी. स्वतःचं काही सांगायचे शब्द त्यात नव्हते. पण चार वर्षं घरातली बोलणीही कानावर पडत होती, समोरचा काय बोलतो ते कळायला तेवढं पुरतं.

शाईची डबी माझ्यापुढं सरकवली. मी हात मांडीखाली दाबला. म्हणाले, "ताई, तुम्ही माझं बोलणं खाल्लंत."

तिचा चेहरा पडला. मग पारा चढला. म्हणाली, "अगं, फुकट तिकीट मिळतंय ना? गप घे की. तुम्हा लोकांमुळे इथं आमची मान खाली जाते."

तुम्हा लोकांमुळे. हे मी शाळेच्या पायरीवर ऐकलं होतं, चौथीत शाळा सुटली तेव्हा. तेव्हा मान खाली घालून घरी आले होते. पुढं दुकानांच्या पाट्या आणि पुडीचे कागद वाचत वाचायला मीच शिकले. आता मान खाली गेली नाही. माझी मलाच नवल वाटलं.

म्हणाले, मला सही येते, अंगठा लावणार नाही. आणि न वाचलेल्या कागदावर सहीही करणार नाही. ताईला सोडलं आणि साहेबाकडे वळले. जे शब्द माझ्या अंगावर फेकले होते तेच उचलले. म्हणाले, "पासपोर्ट माकू. टेलिफोन माकू. नोम माकू." झोप नाही. "बाब माकू." दार नाही. बाही वर केली, डाग दाखवला. "मदाम," म्हणजे मालकीण, म्हणाले, आणि इस्तरी फिरवल्यासारखा हात फिरवला. साहेबानं पेन खाली ठेवलं. ताई मधे काही सांगू लागली. मी तिला म्हणाले, "उस्कुती." चार वर्षं दिवसातून वीसदा ऐकलेला शब्द. तो माझ्या तोंडून निघाला आणि ती खरंच गप्प बसली.

मग एजंटचं नाव घेतलं. बापाचं नाव, गाव, तालुका. कागदावर बोट ठेवलं. एक हुकूम राहिला होता. तो मला कधी कुणी केला नव्हता. त्या घरची आजी नातवंडांना अभ्यासाला बसवून ओरडायची तो.

"इक्तिब," मी म्हणाले. लिही.

 साहेबानं जुना कागद बाजूला सारला आणि नवा घेतला.

नाव लिहिलं गेलं. पुढं काय झालं विचाराल तर काही नाही. फाईल कुठंतरी आहे. तिकीट तयार आहे म्हणतात, दर आठवड्याला. मी दर आठवड्याला माकू म्हणते. त्या पोरींचे पासपोर्ट त्याच्या कपाटातून निघाल्याचं कळू द्या, आणि त्याच्या दारापासून लांब मला राहायला जागा द्या, मग बसते विमानात. तोवर पांढऱ्या काचेची खिडकी आणि मी.

ताई अजून येते. आता कुठल्याही बाईची जबानी असली की मी न बोलावता शेजारी जाऊन बसते. मला उठवायचा प्रयत्न दोनदा झाला. ताई सांगते, मी ऐकते. बाईनं तासभर सांगितलं आणि ताईनं एका वाक्यात उरकलं, की साहेबाच्या कागदावर बोट ठेवते.

इक्तिब.

उठत नाही मी लिहून होईपर्यंत.