टीव्हीसमोर दोन निरांजनं

मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा नवा गेम बरोबर घेऊन गेला आणि जुना माझ्या गळ्यात टाकून गेला. जाड वहीएवढा पांढरा डबा, वायरींचा गुंता आणि दोन लांबट रिमोट. रिमोट हातात धरून आपण हात फिरवला की टीव्हीतलं माणूसही तसाच हात फिरवतं. तो सातवीत असताना आम्ही हा डबा घेतला होता. पुढे त्याला मिशा फुटल्या आणि डबा बालिश वाटायला लागला.

"आई, भंगारात दे," म्हणाला.

धडधाकट वस्तू भंगारात द्यायला माझा हात धजत नाही. एका रविवारी दुपारी घरात सामसूम असताना मी तो टीव्हीला जोडला. त्यात एक खेळ होता. समोर बाटल्यांसारखे दहा खुंट उभे असतात, चेंडू घरंगळत सोडायचा आणि ते पाडायचे. मी तासभर पाडत बसले. दुसऱ्या दिवशी खांदा असा भरून आला की पोळ्या लाटताना कळ येत होती, पण मन अगदी हलकं होतं.

माझी नोकरी अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देण्याची. नाशिकला घर, पण महिन्यातून एकदा तरी कळवण, सटाणा, मालेगाव असा दौरा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मुक्काम. बरोबर आमच्या मोठ्या मॅडम. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. साडीच्या निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत राहात होतो आणि तीन वर्षं त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या. कामावरून आलो की त्या हातपाय धुऊन छोटंसं निरांजन लावत, उद्याच्या वर्गाचे तक्ते बघत, साडेआठला दहीभात खात आणि साडेनऊला दिवा घालवत. मी घरी फोन करायला व्हरांड्यात जायचे. लॉजच्या टीव्हीवर दोन वाहिन्या दिसत. एकीवर भजन, दुसरीवर खतांच्या जाहिराती.

जानेवारीतल्या कळवणच्या दौऱ्याला मी तो डबा ओढणीत गुंडाळून बॅगेत भरला. मॅडम खाली फिरायला गेल्या की अर्धा तास आपलं आपण खेळावं, एवढाच विचार होता.

मॅडम फिरायला गेल्याच नाहीत. बाहेर थंडी होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला त्या कॉटवर तक्ते पसरून बसल्या आणि मी धीर करून डबा बाहेर काढला.

"हे काय आणलंय तुम्ही?"

"मुलाचा गेम आहे, मॅडम. आवाज अगदी बारीक ठेवते."

त्यांनी पुन्हा तक्त्यांत डोकं घातलं. मी खुर्चीवर चढून टीव्हीच्या मागे लाल, पांढरी, पिवळी अशा तिन्ही वायरी चाचपडत खोचल्या. चित्र आलं. रिमोट मात्र काही केल्या चालेना. मी मुलाला फोन लावला.

"टीव्हीखाली ठेवायची पट्टी लावलीस का?" त्याने विचारलं.

पट्टी नाशिकला, देवघराच्या वरच्या फळीवर राहिली होती.

"मग दोन मेणबत्त्या लाव," तो म्हणाला.

"चेष्टा करतोस का?"

"खरंच, आई. त्या पट्टीत दोन टोकांना न दिसणारे दिवे असतात. रिमोट तेच बघतो. ज्योतीतूनही तसला उजेड निघतो. टीव्हीखाली वीतभर अंतराने दोन ज्योती ठेव."

फोन स्पीकरवर होता. मी मेणबत्त्या कुठून आणायच्या याचा विचार करत उभी राहिले. मागून मॅडमचा आवाज आला.

"निरांजन चालेल का, विचारा त्याला."

निरांजन चालणार होतं, पण दोन हवी होती. मॅडमनी एक बॅगेतून काढलं. दुसरं मी खाली जाऊन लॉजच्या मॅनेजरकडून आणलं. सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी काउंटरमागच्या गणपतीसमोरचं निरांजन काहीच न विचारता दिलं. टीव्हीखालच्या टेबलावर दोन्ही ठेवली, वाती पेटवल्या. पंखा आधीच बंद होता. मी रिमोट उचलला आणि पडद्यावरचा हात लगेच हलला.

मी चार-पाच चेंडू टाकले. मॅडम चष्म्यावरून बघत होत्या.

"तुम्ही खेळून बघता का?" मी विचारलं.

"गुण कोण लिहिणार?"

मला आधी कळलंच नाही. "गुण ते मशीनच लिहितं, मॅडम. ते बघा, वर आकडे येतात."

त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मग तक्ते बाजूला सारत म्हणाल्या, "शाळेत माझं अक्षर चांगलं होतं. खो-खो असो, लंगडी असो, बाई मलाच हाक मारायच्या, ये, गुण लिही. सातवीपासून मॅट्रिकपर्यंत मी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले. कॉलेजातही तेच. कुणी वाईट वागलं असं नाही हो. उलट कौतुकच व्हायचं."

मी रिमोटची दोरी त्यांच्या मनगटात अडकवली. त्यांनी पदर खोचला. खालचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं, एवढं मी सांगितलं. पहिला चेंडू पडद्यावरच्या वाटेच्या कडेच्या नालीत गेला. दुसराही. तिसरा अगदी हळूहळू, बैलगाडी जावी तसा मधोमध गेला आणि दहाच्या दहा खुंट आडवे झाले.

मॅडम जागच्या जागी दोनदा उडाल्या. तीन वर्षांत त्यांना जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरतानाही मी पाहिलं नव्हतं.

"पडले ना गं सगळे?" त्यांनी विचारलं. ते 'गं' त्यांच्याही लक्षात आलं नाही. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं.

त्यानंतर आम्ही दोघी घामाघूम होईपर्यंत खेळलो. सातच्या सुमाराला दार वाजलं. मॅनेजर होते.

"ताई, खालना पाहुणास्नी तक्रार शे, खाले धमधम वाजी राह्यनं. वर लेझीम चालू शे का काय?"

एवढं बोलून त्यांची नजर आत गेली. टीव्हीसमोर दोन निरांजनं तेवत होती, मॅडम पदर खोचून हात उंचावून उभ्या होत्या. मॅनेजरनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन टीव्हीला हात जोडले आणि हळूच विचारलं, "पूजा चालू शे?"

मॅडम कॉटवर बसून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं आणि मॅनेजरना सगळं समजावून सांगितलं. त्यांना एक डाव खेळून बघायचा होता. खालचे पाहुणे वाट बघत असतील, असं मी म्हटलं, तर "दोन मिनिटं," म्हणाले. त्यांची दोन मिनिटं अर्धा तास चालली.

शेवटी खालचे पाहुणेच वर आले. मालेगावहून लग्नाला आलेले, साठीतले नवरा-बायको. काका दारातच रागाने म्हणाले, "अहो, आम्ही तक्रार करायला यांना पाठवलं, आणि हे इथे—"

काकूंनी त्यांच्या हाताखालून डोकावून पाहिलं. "हे हाताने टाकायचं का?"

"हो, या ना," मॅडम म्हणाल्या.

"अगं, आपण तक्रार करायला आलोय," काका म्हणाले.

"तुम्ही करा," असं म्हणून काकू आत आल्या. उंचीने लहानशा, पण खांदा दणकट. पहिल्याच चेंडूत त्यांनी नऊ पाडले. काका खुर्चीवर बसले आणि थोड्या वेळाने चेंडू कुठल्या बाजूने टाकावा, हे सगळ्यांना सांगायला लागले. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मॅनेजरनी चहा मागवला. डाव संपला तेव्हा मॅडम काकूंपेक्षा चार गुणांनी मागे होत्या.

मॅडमनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग विचारलं, "उद्याचं लग्न किती वाजताचं आहे?"

"बारा पस्तीस."

"मग सकाळी साडेसातला या."

काकू सात पंचवीसला आल्या, लग्नाची साडी नेसून, केसात गजरा माळून. मॅडमनी दोन्ही निरांजनांत तूप घालून ठेवलं होतं. तो डाव मॅडमनी जिंकला. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मालेगावला आलात की घरी या. घरचा टीव्ही मोठा आहे." मग त्या लग्नाला गेल्या आणि आम्ही प्रशिक्षणाला गेलो. मॅडमना वर्गात पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. माझ्या आठवणीत तो त्यांचा पहिला उशीर.

त्या दिवशीचा विषय होता 'खेळातून शिक्षण'. हा विषय मॅडम नेहमीच घेत. त्यांचे सुबक अक्षरातले अकरा तक्ते होते. खेळाचे फायदे, खेळाचे प्रकार, खेळ घेताना घ्यायची काळजी. सगळं बरोबर आणि जेवणानंतर ऐकलं तर हमखास झोप आणणारं. मी नेहमीप्रमाणे पहिला तक्ता भिंतीवर लावायला घेतला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. मग समोर बसलेल्या तीस-बत्तीस बायकांना म्हणाल्या, "बाहेर चला. आधी आपण लंगडी खेळू."

कुणी उठेना. पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर सेविका म्हणाल्या, "मॅडम, आमचे गुडघे नाय हो चालत आता."

"माझेही नाही चालत. चला."

सभागृहामागे मोकळी जागा होती. मी खडूने चौकोन आखला. सुरुवातीला सगळ्या एकमेकींना ढकलत, पदर तोंडाला लावून हसत उभ्या होत्या. मॅडमनी चपला काढल्या आणि पहिल्यांदा स्वतः लंगडी घातली. सहा उड्यांत त्यांचा पाय टेकला. त्यांनी एकीलाही बाद केलं नव्हतं, तरी टाळ्या पडल्या. मग मात्र बायका सुटल्या. गुडघ्यांची तक्रार करणाऱ्या सेविकेने तिघींना बाद केलं. एक नवीन लागलेली मुलगी गुण लिहायला वही घेऊन बाजूला उभी राहिली होती. मॅडमनी तिच्या हातातली वही काढून घेतली आणि तिला चौकोनात ढकललं. गुण कुणीच लिहिले नाहीत. कोण जिंकलं यावर चहाच्या वेळी भांडण झालं आणि ते भांडणही मजेचं होतं.

दुपारी आत बसल्यावर मॅडमनी एवढंच विचारलं, "मघाशी खेळताना कसं वाटत होतं?" अर्धा तास बायका बोलत होत्या, मॅडम ऐकत होत्या. तक्ते त्यांनी शेवटच्या वीस मिनिटांत उरकले.

पुढची दोन वर्षं तो डबा आमच्याबरोबर सगळ्या दौऱ्यांना आला. पट्टी मी बॅगेत टाकली होती, पण मॅडमना निरांजनंच पसंत. मालेगावला आम्ही काकूंच्या घरी जाऊन आलो. तिथे मॅडम दोन डाव हरल्या आणि पुरणपोळी खाऊन आल्या. सटाण्याच्या एका लॉजवर टीव्ही इतका जुना होता की खुंट हिरवे दिसत. तरी खेळलो.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. कार्यालयाने शाल आणि श्रीफळ दिलं. मी डबा दिला. मुलाला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "दे की. एवढा तर मीही कधी खेळलो नाही." मॅडमनी तो ओढणीसकट मांडीवर घेतला आणि गाडीने घरी पोचेपर्यंत मागच्या सीटवर ठेवू दिला नाही.

आता त्या आपल्या दोन बहिणींबरोबर देवदर्शनाला जातात. भक्तनिवास असो नाहीतर लॉज, डबा बरोबर असतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी त्यांचा फोन आला. कुठल्याशा गावाहून बोलत होत्या. गावाचं नाव मला नीट ऐकूच आलं नाही, कारण मागे बायकांचा गलका चालला होता.

"कशा आहात मॅडम?" मी विचारलं. "दर्शन झालं का?"

"सकाळीच झालं. अगं, तुला एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. मागे खुंट पडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी त्यांना हाक मारली. "थांब, ठेवते. माझा नंबर आलाय."

आणि त्यांनी फोन ठेवला.