साध्या तेलाची माणसं

आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. तिथे एक मालीशवाली काम करते. तिचा नवरा गेला तेव्हापासून तिचं घर तिच्या हातांवर चालतं, आणि माझा उजवा गुडघाही. म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसले.

दवाखान्यामागे निर्गुडीची झाडं आहेत. त्या पाल्याचं तेल दुखऱ्या सांध्याला लावायचं, हे आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. पण नव्या डॉक्टरीणबाईंना त्यानं दुखणं खरंच कमी होतं का, ते बघायचं होतं. त्यांनी गुडघेदुखीची माणसं गोळा केली. निम्म्यांना निर्गुडीचं तेल, निम्म्यांना साधं, वर वासावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींत सारखाच कापूर. बाटल्यांवर लाल नाहीतर निळी चिठ्ठी. कुठल्या बाटलीत काय, ते ना आम्हाला ठाऊक, ना मालीशवालीला. "सगळ्यांना सारखं चोळायचं, कमी नाही, जास्त नाही," एवढंच तिला बजावलं होतं. आम्ही आपलं रोज किती दुखतं ते बाईंना सांगायचं.

माझी बाटली निळी. आणि काय सांगू, गुडघा असा हलका झाला की मी जिना एका दमात चढले. सून म्हणाली, "सासूबाई, कुणाशी शर्यत लावलीय का?"

लाल बाटलीवालेही खूश. सगळेच खूश, एकट्या डॉक्टरीणबाई हिरमुसलेल्या. दोन्हीकडे सारखाच आराम, म्हणजे पाल्यात काही दम नाही. "उगाच लोकांना कशाला लावायचं? बंद करू हे तेल," त्या म्हणाल्या.

मालीशवाली कोपऱ्यात हात पुसत होती. ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "बाई, मला कामावरून काढा, पण तेल बंद करू नका."

"का? काय केलंस तू?"

"कापूर उडून जातो, पण लाल तेलातल्या पाल्याचा वास साबणानं धुतला तरी जेवताना हाताला येतो. निळ्याचा येत नाही. तेव्हाच कळलं, निळं ते साधं. म्हाताऱ्या माणसांना नुसतं तेल फासून घरी पाठवायचं, माझ्यानं होईना हो. त्यांना मी जास्त वेळ चोळलं. वरून गरम टॉवेल गुंडाळला. आजींची तर पोटरीसुद्धा चोळली."

आजी म्हणजे मी. मी छताकडे बघायला लागले.

डॉक्टरीणबाई लालबुंद झाल्या. "अगं, माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस की!" मग धपकन खुर्चीत बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना हसू फुटलं. "पण सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर चांगल्या पाल्याला मी खोटं ठरवून मोकळी झाले असते."

चाचणी पुन्हा झाली, नव्या माणसांवर. या वेळी ज्याचं तेल त्यानंच लावायचं, आणि मालीशवालीनं त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. निर्गुडीवाल्यांना आराम जास्त पडला. फार नाही, पण पडला. तेल चालू राहिलं. तिचं कामही राहिलं, कारण बाईच म्हणाल्या, चाचणीत नको असले तरी दवाखान्यात असे हात हवेतच.

परवा मी तिला म्हटलं, "म्हणजे मला गुण आला तो तुझ्या हाताचा. तुझे उपकार कसे विसरू गं?"

"आजी, बोलताना तुम्ही गुडघा ताठ करता," ती म्हणाली. "सैल सोडा बघू. आणि तो दुसरा पायही द्या इकडे."