रिकामा चौकोन

वाचा-उपचाराच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज संध्याकाळी बंद होणार होता. ‘हाच अभ्यासक्रम का?’ या प्रश्नाखालचा चौकोन चार दिवस रिकामाच होता. थोरली लेक तंद्रीत उन्हातली तरंगती धूळ बघत होती. तेवढ्यात, अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेले बाबा पलंगावरून काहीतरी सांगू लागले.

“पाणी? चहा? पाय दुखतात?” आईची सरबत्ती सुरू झाली.

“आई, थांब गं जरा.”

“तीस वर्षं त्यांच्या वाट्याचंही मीच बोलले, आता सवय जाते होय!”

थोरलीने बाबांचा हात धरला आणि देवापुढे बसावं तशी बसून राहिली. ऊन उशीवरून भिंतीवर सरकलं.

“खि… खिडकी,” बाबा म्हणाले.

आईने डोळे पुसत खिडकी उघडली. थोरलीने चौकोनात लिहिलं, ‘मला वाट बघता येते,’ आणि अर्ज पाठवला.