कंडम

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधून मी परदेशी नोकरीला निघाले, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी बाबांनी माझी बॅग उलटी करून चाकं तपासली. "हे चाक कंडम आहे वं, रस्त्यात दगा देईन," म्हणाले आणि शेजारच्या काकांची बॅग मागून आणली. अंगणात सगळं सामान पुन्हा भरलं. आई रडायचं विसरून लोणच्याच्या बरणीवरून बाबांशी भांडत होती.

तुमच्यापैकी जे अजून तिकडे गावाकडेच आहेत, त्यांना या शब्दाचं काही वाटणार नाही. आपल्याकडे कूलर, स्कूटर, गुडघे, सगळंच कंडम होतं. त्याआधी शिकताना पुण्याच्या होस्टेलात मात्र मुली हसायच्या, म्हणून मी तो आपला गावठी शब्द समजून टाकून दिला होता. लीड्समधल्या पहिल्या हिवाळ्यात खोल्या गरम करणारा बॉयलर बंद पडला. तपासायला आलेला गोरा मान हलवत म्हणाला, "कंडेम्ड!" थंडीनं दात वाजत होते, तरी मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

लगेच डिक्शनरी उघडली. मूळ लॅटिन, नुकसान या अर्थाचं. 'डॅमेज'ही त्याच खानदानातला. न्यायाधीश माणसाला दोषी ठरवून शिक्षा सुनावत, त्याला हा शब्द. पुढे तो मोडक्या वस्तूंनाही लागला, साहेबाबरोबर आपल्या कचेऱ्यांत आला, आणि आपण त्याला घासून घासून आपलासा केला. मला उगाच अभिमान वाटला.

त्याच हिवाळ्यात माझी नोकरी गेली. लवकर दुसरी मिळाली नाही, तर व्हिसा संपणार आणि परतावं लागणार. कॉलनीभर पेढे वाटून आलेली मी! बाबा तोवर वीज केंद्राच्या स्टोअरमधून रिटायर होऊन सक्करदऱ्याला नव्या घरी राहायला गेले होते. फोनवर मला रडू आवरेना. म्हटलं, "बाबा, मीच कंडम झाले आता."

"काहून रडून राहिली? एकट्याच्या म्हणण्यानं काही कंडम होत नाही वं. स्टोअरात त्याच्यासाठी कमिटी बसते, सगळ्याइच्या सह्या लागतात. मी तं सही करत नाही, अन् तुही आई पेनच फेकून देईन."

मागून आईचा आवाज आला, "तिले म्हणा, ये. नाही जमलं तं नाही जमलं."

नोकरी मिळाली, अगदी शेवटच्या आठवड्यात. मी इथेच राहिले. पण नंतर कळलं, फोन ठेवल्या ठेवल्या आईनं बाबांना बाजारात पिटाळून, ऐन थंडीत, माझ्यासाठी राखलेल्या खोलीला कूलर बसवून घेतला होता. पोरगी आली तर उन्हाळ्यात तिचे हाल नकोत!

त्या खोलीत मी अजून एक रात्रही झोपलेले नाही. कुणी घर कुठे विचारलं, की मी तिचाच पत्ता सांगते.