डाव्या मनगटावरचं गाणं

पंचफुला गेली तेव्हा मी परभणीच्या दवाखान्याखाली चहाच्या गाड्यावर उभा होतो. आमच्या मिलिंदचा फोन आला. "बाबा, वर या," एवढंच म्हणाला पोरगा. आवाजावरून मला कळलं. चहा अर्धा राहिला होता, तो संपवला, कप ठेवला आणि मग जिना चढलो. याचा सुनेला अजून राग आहे. तिचं चूक नाही. पण पळत जाऊन करायचं काय होतं? जिच्यासाठी पळायचं ती तर… असो. मी रेल्वेत गँगमन होतो, गंगाखेडच्या अल्याड-पल्याडच्या रुळांवर नोकरी काढली. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे पेपरात लिहिणाऱ्या लोकांसारखं मला जमणार नाही. पंचफुला माझी बायको. तिला गाण्याचं वेड होतं आणि मला गाण्यातलं काहीच कळत नाही. तरी तिनं ऐकलेला एकही कार्यक्रम माझ्याशिवाय झाला नाही.

गेली त्याच्या आदल्या दिवशी चांगली बोलत होती. मोसंबी सोलून दिली तर खाल्लीसुद्धा. म्हणाली, "अवो, मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला रडारड नको. पालमची गायन पार्टी बोलवा. अन् माझं गाणं म्हणायला लावा."

"कोणतं गाणं?" मी विचारलं.

ती हसली. "तुमाला ठाऊक हाय की," म्हणाली आणि कूस बदलली. मला ठाऊक नव्हतं. झोप होऊ दे, उद्या विचारू, असं म्हटलं… आणि दुसऱ्या दिवशी तो फोन आला.

आता गाण्याचं हे वेड कसलं ते सांगतो. आमच्याकडं भीमजयंतीला गायन पार्ट्यांचा सामना असायचा, अजून असतो. एका स्टेजवर दोन पार्ट्या, पेटी, ढोलकी, मागं कोरस. एकीनं गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच जवाब द्यायचा. आधी बुद्धाची गाणी, मग भीमगीतं, मग दारूवर, हुंड्यावर, पोरींच्या शिक्षणावर. लग्न झाल्यावर पहिल्या जयंतीला ती मला ओढून घेऊन गेली. मैदानात मधोमध दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष. नवी नवरी लांब कशी बसणार, म्हणून तिनं दोरीला लागून सतरंजी टाकली, अर्धी इकडं अर्धी तिकडं. ती दोरीच्या तिकडं, माझ्या डाव्या हाताला, मी इकडं. गाणं रंगलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, तशा मीही वाजवल्या. थोड्या वेळानं स्टेजवरचा पालमचा पोरगेला ढोलकीवाला मान वर करून गर्दीत कुणाला तरी शोधायला लागला. तो मलाच शोधत होता. माझी टाळी सगळ्यांची पडून गेल्यावर पडत होती. आजूबाजूचे हसायला लागले. तेवढ्यात दोरीखालून पंचफुलाचा हात आला आणि तिनं माझं डावं मनगट गच्च धरलं.

तेव्हापासून तिनं ते सोडलं नाही. कार्यक्रम गंगाखेडचा असो, पूर्णेचा असो, नाही तर गोदावरीकाठच्या एखाद्या खेड्यातला, दोरीला लागून सतरंजी आणि माझं मनगट तिच्या हातात. लोकांना वाटायचं काय प्रेम आहे बघा. प्रेम कसलं, बंदोबस्त होता. घड्याळाचा पट्टा तिला टोचायला लागला म्हणून मी घड्याळ उजव्या हाताला बांधायला लागलो. साहेब लोक विचारायचे, तू डावखुरा आहेस का रे? मी हो म्हणायचो. खरं कुठं सांगत बसायचं?

पंचफुला पालमवाल्यांची. त्यांच्या बुवाचं गाणं म्हणजे तिला परमार्थ. एका खेड्यात ऐन रंगात असताना लाइट गेली, माइक बंद पडला, तर बुवानं तसंच गळ्यावर गायला सुरुवात केली. लोक बसल्या जागेवरून सरकत सरकत स्टेजपाशी गेले, लेकरंसुद्धा गप. ही गोष्ट तिनं मला, पोरांना, सुनेला, जावयाला आणि दूधवाल्याला किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. मी तिथं होतो, पण मला लाइट गेल्याचंच आठवतं.

आणि आमच्या शेजारची गयाबाई पूर्णेवाल्यांची. तिचं माहेर पूर्णा. तिकडच्या पार्टीत एक बाई गायची, जाडा आवाज, उभी राहून गायची. सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दोघींचा सामना. गयाबाई घागर ठेवायच्या आधीच सुरू करायची, "काय गं पंचफुले, काल तुमच्या बुवाचा घसा बसला का सगळी पार्टीच बसली?"

"घसा बसला तरी सूर उभा व्हता, बाई. तुमच्या बाईवानी डब्यावर डबा आपटत न्हवता."

"डबा म्हण न्हाई तर पिंप म्हण, लोकं उठून गेले का? तुमच्या भजनाला निम्मं मैदान पेंगायलं व्हतं. तुझा नवरा तर घोरायला व्हता!"

"ते समद्याच गाण्याला घोरत्यात, त्येंचं मोजू नको."

हे खरं होतं. सकाळी रुळावर जायचं असायचं, मी बसल्या बसल्या झोपायचो. ढोलकी, पेटी, टाळ्या, काही अडायचं नाही. एकाच गोष्टीनं जाग यायची. मनगटावरची तिची पकड ढिली व्हायची आणि दोन बोटं हळूहळू ठेका धरायची. मग मध्येच बोटं थांबायची. थांबली की मी जागा व्हायचो. मला वाटायचं चहाला चला म्हणतेय. "काय गं?" विचारलं की म्हणायची, "काय न्हाई. झोपा." पुन्हा बोटं चालू. वर्षानुवर्षं हे असंच. डोळे उघडून स्टेजवर कोण गातंय ते बघायची तसदी मी घेतली नाही.

तर तिच्या माघारी घरात गाण्याचा शोध सुरू झाला. मिलिंद म्हणाला, बुवाचं वंदनेचं गाणं, आई तेच गुणगुणायची. मुलगी संघमित्रा म्हणाली, छे, पोरींच्या शाळेचं, मला त्याच गाण्यानं शाळेत घातलं. दोघं रोज संध्याकाळी मोबाइलवर गाणी लावायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. "हे का, बाबा?" मला सगळी सारखीच वाटायची. शेवटी मिलिंद वैतागला. "तुमी आयुष्यभर तिच्या शेजारी बसून करत काय व्हता?" सून सासूला आत्या म्हणायची. ती म्हणाली, कोणतंही म्हणायला लावा, आत्या काय बघायला येणार आहेत? ते मला पटलं नाही. तिनं माझ्याकडं दुसरं कधी काही मागितलं नव्हतं. लुगडंसुद्धा स्वतः जाऊन आणायची. आणि हे मागितलं ते 'तुमाला ठाऊक हाय' म्हणून.

पार्टीला सांगायला मी एसटीनं पालमला गेलो. बुवा आता नाहीत, त्यांचा मुलगा पार्टी चालवतो. पण ढोलकीवाला तोच आहे, सटवाजी. केस पांढरे झालेत, दात गेलेत. ओसरीवर बसून ढोलकीच्या दोऱ्या ताणत होता. मी नाव सांगितलं, ओळख पटेना. मग म्हणालो, दोरीजवळ बसायची ती बाई, तिचा मी नवरा. सटवाजीनं दोरी सोडली. "चुकीची टाळी!" म्हणाला. "काका, तुमी माझा ठेका पार इसकटून टाकला व्हता की हो त्या दिशी. ताईंनी तुमचा हात धरला म्हणून आमी वाचलो." मग मी का आलोय ते सांगितलं.

त्यानं विचारलं, "गाण्याचे बोल?"

"न्हाई येत."

"चाल?"

"न्हाई." मग मी मनगटाचं सांगितलं. बोटं थांबायची तेही सांगितलं. सटवाजी म्हणाला, "वाजवून दावा." वाजवायला गेलो तर माझ्या बोटांना काही जमेना, ती आपली कुठंही पडायली. तो हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, हात इकडं आणा." माझं डावं मनगट त्यानं मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी वाजवायला लागला. एक गाणं वाजवलं. मी म्हणालो, न्हाई. दुसरं वाजवलं, त्यात थांबायची जागा होती, पण लगेच पळत होतं. न्हाई. तिसरं न्हाई. "आमच्या गाण्यांत एवढीच मधी थांबत्यात," म्हणाला. मग इकडंतिकडं बघून आणखी एक सुरू केलं. हळू चाललं होतं. बोटं थांबली… मी दचकलो. झोपेतून उठवल्यासारखं झालं. तोंडातून निघालं, "काय गं?"

सटवाजीनं हात काढून घेतला. "काका," म्हणाला, "हे आमचं न्हाई. हे पूर्णेवाल्यांचं हाय."

घरी येऊन सांगितलं तर मिलिंद हसला आणि मग चिडला. आई आणि पूर्णेवाल्यांचं गाणं? तिनं त्या पार्टीचं नाव तरी सरळ घेतलं का कधी? लोक काय म्हणतील? म्हातारपणी बाबांच्या डोक्यात काही तरी बसलंय, असं त्यानं संघमित्राला फोनवर सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. म्हणून मी गयाबाईला बोलावलं. पंचफुला गेल्यापासून ती नळावर कुणाशी बोलत नाही, पाणी भरते आणि जाते. सटवाजीनं गाण्याची पहिली ओळ सांगितली होती, ती तिला सांगितली. तिनं पदर तोंडाला लावला. रडते की हसते मला कळेना. हसत होती.

"मला ठाऊक व्हतं, भाऊजी. आमच्या बाईच्या समद्या गाण्याला ती माझ्याकडं बघून तोंड वाकडं करायची. त्या एका गाण्याला खाली मान घालायची. मी एकदा म्हणले, आवडलं म्हण की गं, काय जातंय तुझं? तर म्हणती कशी, मेले तरी म्हणायची न्हाई." मग तिनं डोळे पुसले. "अन् बघा, मेल्यावर म्हणाली."

दुसऱ्या दिवशी मिलिंदनंच पार्टीला फोन केला. बुवाच्या मुलानं आधी आढेवेढे घेतले, दुसऱ्याचं गाणं कसं गाऊ म्हणाला. तर सटवाजीनं सांगितलं, नाही गायलास तर ढोलकी दुसरा वाजवणारा बघ.

पुण्यानुमोदनाला दारात मांडव घातला. वंदना झाली, लोक चार शब्द बोलले, बुवाची दोन गाणी झाली. दोरी नव्हती. तरी मी आमची सतरंजी टाकून अर्धीवर बसलो, डावी बाजू मोकळी ठेवून. मग ते गाणं सुरू झालं. आयुष्यात मी पहिल्यांदा एक गाणं जागेपणी पुरं ऐकलं. रेल्वेतल्या माणसाच्या बायकोचं गाणं आहे. पूर्णेवालेच ते, रेल्वेचं गाव, त्यांना असलंच सुचणार. ती गाडीची शिट्टी ऐकते आणि भाकरी थापायला काटवटीत पीठ घेते. गाडी थांबते का याचा कानोसा घेते, तिथं ढोलकी थांबते. गाडी निघून जाते, तो उतरत नाही. ती पीठ डब्यात भरून ठेवते. पुन्हा शिट्टी, पुन्हा पीठ. शेवटी तो येतो, तर म्हणते, आताच थापली बघा, गरम आहे, बसा.

गाण्यातला नवरा तिला विचारतो, किती वाट बघितलीस? मी कधी असलं विचारलं नाही. पंचफुला शिट्टीला पीठ घ्यायची का, मला ठाऊक नाही. कधी वेळेवर, कधी पार अवेळी मी घरी यायचो, पण भाकरी गरम असायची, एवढं ठाऊक आहे. ती गरम कशी असायची याचा विचार त्या मांडवात बसेपर्यंत मी केलेला नव्हता.

लोकांनी टाळ्या धरल्या होत्या. मीही धरली. कडव्याच्या शेवटी कानोशाची जागा आली, ढोलकी थांबली, सगळे हात थांबले, मांडव एकदम गप… आणि माझी एकट्याची टाळी खाडकन पडली. सटवाजीनं मान वर केली. पहिल्या जयंतीला केली होती तशीच. बायांच्या घोळक्यातून गयाबाई सवयीनं ओरडली, "पंचफुले, धर की गं त्येंचा हात!"

ओरडली आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली. सटवाजी मात्र ढोलकी पुन्हा सुरू करेना. माझ्याकडंच बघत होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तेव्हा त्यानं थाप मारली.

परवा नातवानं माझं घड्याळ काढून घेतलं, सेल टाकून आणलं आणि आपल्या हातानं डाव्या मनगटाला बांधलं. "आजोबा, सगळे इकडंच बांधतात," म्हणाला. तो खेळायला गेल्यावर मी ते सोडलं आणि उजव्या हाताला बांधलं. डावं मोकळंच राहू दे.